मामाच्या दुखण्याचा भाव

नागभीडकडच्या बैलबाजारात मला घडवणारा आणि मला बुडवणारा माणूस एकच होता. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. नात्याचा नाही, बाजाराचा मामा. तो आता नाही. पण ज्या पावसाळ्यात मी त्याच्यासाठी एका गोळीच्या मागे धावलो, तो आठवला की अजूनही मला एका जागी बसवत नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मी त्या दिवसांत केला, आणि तो बैलांचा नव्हता.

मी मोहर्लीकडून दुसऱ्यांचे बैल पायी हाकत बाजारात आणायचो. मामानं मला दलाल केलं. दलाली म्हणजे दुपट्ट्याखालचा हात. विकणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि आकडा बोटांनी सांगतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच, पंजा सोडून पुन्हा दोन बोटं धरली तर सात. शेकडा की हजार, ते जनावराकडे बघून दोघांनाही कळतं. भोवती गर्दी असली तरी कुणाला काही समजत नाही. चेहऱ्यावर तर काही दिसताच कामा नये. मामा सांगायचा, "खरा आकडा पयल्याच बोलीत सांगते, तो दलाल नाई, गिऱ्हाईक." त्याचा चेहरा मी वर्षानुवर्षं जवळून पाहिला, पण सौदा चालू असताना त्या चेहऱ्यावरून मला कधी काही वाचता आलं नाही.

मग मोहर्लीच्या एका बैलजोडीवरून आमचं फाटलं. विकणारा म्हणाला, दुपट्ट्याखाली ठरलेला आकडा मोठा होता, हा आता कमी सांगतो. मी म्हणालो, हाच होता. मामानं दोघांचं ऐकलं आणि भर बाजारात निकाल दिला, "याच्या दुपट्ट्याखाली हात टाकू नका. याच्या हातात इमान नाई."

दलालाला एवढं वाक्य पुरतं. पुढच्या बाजारी माझ्यासमोर कुणी उभं राहिलं नाही. मी धानाच्या दलालीत घुसलो, शिव्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, दुकान टाकलं, आज गोदाम आहे. पण ते वाक्य घशात अडकलं ते अडकलंच. मी आकडा बदलला नव्हता. हे मी आजही कुणालाही सविस्तर सांगायला तयार आहे, त्याला बसायला वेळ असेल तर.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या तोंडावर मामी, म्हणजे मामाची बायको, माझ्या दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"तू येऊन पाह्य त्याले. आमच्यासमोर तो काहीच बोलत नाई. तुह्यावर चिडला तरी चालन."

मामानं जन्मभर खर्रा खाल्ला होता. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला आमच्याकडचा खर्रा, पोरंटोरंही खातात. गालात कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, थोडे महिने बरे गेले आणि कॅन्सर पुन्हा आला. आता घरी न्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी वाटेनं वाक्यं जुळवत गेलो. चांगली धारदार वाक्यं होती. दारातून म्हणालो, "काय गा मामा, ओळखलं का? बिनइमानाचा आला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा छताला लावली. मी वाट पाहिली. शिवी नाही, टोमणा नाही. मामी सांगत होती, तो झोपत नाही, पेजेची वाटी ओठाला लावली तरी ढकलतो, अंगणात कुणी मोठ्यानं बोललं तरी डोळे मिटून घेतो. चेहरा मात्र तसाच, बाजारातला. गालावर पट्टी नसती तर वाटलं असतं, जोडी बघायला आलेला माणूस दमून जरा आडवा झाला आहे.

मी तिथंच ठरवलं. माफी मला हवी होतीच. पण दुखण्यानं पिळलेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि तसलं हो मी धानाच्या पोत्यालाही घेत नाही. मला मामा ताज्या डोक्याचा हवा होता, भांडायच्या लायकीचा. त्याचं दुखणं थांबवायचं, मग बघतो.

त्याच पावली मी नागभीडला एका मेडिकलवाल्याकडे गेलो. म्हणालो, "दुखण्याची सगळ्यात कडक गोळी दे."

त्यानं दाखवलेल्या गोळ्या मामाकडे आधीच होत्या. विचारलं, याच्या वरची?

"याच्या वर मॉर्फिन. ते इथी नाई भेटत."

"मंग कुठी भेटते?"

"हळू बोला ना भाऊ. अफूची जात हाय ते. कपाटात ठेवलं तर कोण कधी येऊन काय विचारन, भरोसा नाई."

"अफू तर आपलंच सरकार पिकवून घेते ना? तिकडं एमपीत?"

"घेते. बाहेरच्या देशातही जाते म्हणतात. माह्या कपाटापर्यंत येत नाई."

"म्हणजे पीक आपलं, दुखणं आपलं, अन् गोळी दुसऱ्याची."

"माह्यावर काऊन तापून राह्यले? रेल्वे फाटकापलीकडच्या ट्रस्टच्या दवाखान्यात नवीन मॅडम आल्या. त्याहिले तापा."

मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलणं नेमकं. म्हणाल्या, मॉर्फिनची गोळी महाग नाही, हीच तिची अडचण आहे. तिच्यावर कुणाला काही सुटत नाही आणि जोखीम मात्र सगळी असते, म्हणून कुणी ठेवत नाही. हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ज्या मालावर काही सुटत नाही तो माल मीही मागच्या खोलीत टाकतो.

"कायदा पूर्वीसारखा राहिला नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पूर्वी चार-पाच परवाने लागायचे, आता दवाखान्याला एकच मान्यता पुरते. शिकलेला डॉक्टर पाहिजे, कुलपाचं कपाट पाहिजे, गोळीन् गोळीची नोंद पाहिजे. मी ते शिकून आले आहे. या पट्ट्यात असे कितीतरी पेशंट आहेत, आणि मी त्यांना ताप-खोकल्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवते."

"मग अडलं कुठं?"

"अध्यक्षांच्या सहीवर."

हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. कॅन्सरपुढे माझं काय चाललं असतं? काही नाही. पण अडलं होतं ते एका माणसाच्या होकारावर, आणि माणसाचा होकार काढणं एवढंच तर मी आयुष्यभर केलं होतं. दवाखान्यातून निघालो तेव्हा मी जवळजवळ पळतच होतो.

ट्रस्टचे अध्यक्ष राईसमिलवाले. माझं अर्धं धान त्यांच्याकडंच जातं. मॅडमना सोबत घेतलं आणि बजावलं, मी काहीही बोललो तरी मध्ये बोलायचं नाही.

"काय शेठ," अध्यक्ष म्हणाले, "आज मॅडमले घेऊन?"

"वरचा मजला पाहिजे दवाखान्याचा."

"कायले?"

"कॅन्सरच्या लोकायसाठी. दहा खाटा, दोन सिस्टर, अन् गावोगाव फिरणारी एक गाडी."

अध्यक्षांचा चहाचा कप हवेतच थांबला. मॅडमचाही.

"तुले ऊन लागलं काय बे?"

मी उसासा टाकला आणि गाडीची मागणी सोडली. त्यांनी मान हलवली. मी सिस्टर सोडल्या. मग पाच खाटांवर आलो, मग दोनवर, आणि प्रत्येक वेळी घरातली वस्तू विकावी लागल्यासारखं तोंड केलं. ते नाही, नाही म्हणत गेले आणि जसजसे नाही म्हणत गेले तसतसे खूश होत गेले. शेवटी मी उठलो.

"जाऊ द्या. एक कपाट तरी देसान का नाई?"

"कपाट घे ना. कपाटाले कोण नाई म्हणते?"

"कुलपाचं. भिंतीत बसवलेलं."

"घे कुलपाचं."

"अन् मॅडमच्या अर्जावर सही. रिकामं कपाट घेऊन काय करू?"

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू अफूच्या गोळीसाठी आला होता."

"मी दहा खाटांसाठी आलो होतो. तुम्ही नाई देल्या."

ते हसले, पण सही लगेच केली नाही. चोरी झाली तर, पोलीस आले तर, गावातल्या पोरांना नाद लागला तर, असं एकेक विचारत राहिले. इथं मी गप्प बसलो, कारण हे सगळे प्रश्न खरे होते. मॅडमनी एकेकाचं उत्तर दिलं. किल्ली कुणाकडे राहील, गोळी कुणाला आणि किती दिवसांची मिळेल, रिकामी पाकिटं परत कशी घ्यायची. त्या निघून गेल्या तर काय, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना शिकवल्याशिवाय जाणार नाही." त्या उत्तरावर सही झाली. माझ्या दहा खाटांवर नाही. हे कबूल करायला मला जड जातं.

कागद चंद्रपूरला गेला आणि तिथून पुढे. तो वाटेत जिथं थांबायचा तिथं मी जाऊन बसायचो. आत ओरडायचो नाही. ओरडणं सगळं बाहेर येऊन चहाच्या टपरीवर करायचो. टपरीवाला म्हणायचा, भाऊ, आज कोणत्या टेबलावर थांबलं? कपाट तपासायला माणूस आला, त्यानं कुलूप दोनदा ओढून पाहिलं, मी तिसऱ्यांदा ओढून दाखवलं. त्या आठवड्यांत मामानं किती सोसलं ते त्यानं सांगितलं नाही. मामी मात्र रोज निरोप पाठवायची आणि प्रत्येक निरोपात एकच शब्द असायचा, "कवा?"

धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या आत मान्यता आली. गोळ्यांचं खोकं ज्या दिवशी पोचलं त्या दिवशी मी दुकान बंद करून दवाखान्यात बसलो होतो. मॅडमनी पाकीट उघडून गोळी हातावर घेतली. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. एवढीशी गोष्ट इतके दिवस आपल्यापर्यंत येत नव्हती, याचा मला इतका राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी सिस्टरला, शिपायाला आणि पाठदुखी दाखवायला आलेल्या एका बाईला चहा पाजला.

मॅडम स्वतः मामाच्या घरी आल्या. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखायची वाट पाहायची नाही, हे मामीला चार वेळा सांगितलं. पोट बांधतं म्हणून त्याची वेगळी गोळी दिली. मग मामाजवळ बसल्या.

"मामा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापुढे दुखूच शकत नाही. आत्ता किती?"

मामानं थोडा विचार केला आणि तीन बोटं दाखवली.

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मामीला झोपेचं विचारलं, थोडं वाढवूनच डोस ठरवला. पण चार दिवसांनी मी गेलो तर मामा तसाच. छत, पट्टी, ढकललेली वाटी. दोन दिवसांनी मॅडम आल्या, डोस वाढवला, पुन्हा आकडा विचारला. तीन.

माझं डोकं सरकलं. अंगणात येऊन मी मॅडमवर तुटून पडलो. म्हणालो, यासाठी कागदामागे फिरलो का? गोळीत चुना भरला आहे का? माल तरी तपासून घेतला होता का?

त्यांनी माझं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाल्या, "मलाही पटत नाही, भाऊ. नाडी वेगळं सांगते, झोप वेगळं सांगते, आणि हे तीन सांगतात. चेहऱ्यावर तर काहीच दिसत नाही. अंदाजानं एकदम वाढवू, तर गुंगी जास्त होईल, श्वासावर जाईल. मला त्यांचा खरा आकडा हवा आहे."

खरा आकडा. मी अंगणातच उभा राहिलो आणि मला हसू फुटलं. मॅडमना वाटलं, रागानं माझं डोकं फिरलं.

"मॅडम, तुम्ही दलालाले भाव विचारून राह्यल्या," मी म्हणालो. "तो पयल्या बोलीत खरा आकडा सांगन काय? तीन ही त्याची बोली हाय."

आम्ही आत गेलो. मी खाटेजवळ बसलो आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला. मामानं दुपट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. माझ्या दुपट्ट्याखाली हात टाकायचा नाही, हा निकाल त्याचाच होता आणि तो त्यानं स्वतःही मोडला नव्हता.

मला असा संताप आला. मी उठलोच. पण मामीनं भिंतीवरच्या खुंटीवरून त्याचा जुना दुपट्टा काढला आणि मध्ये टाकला. "हा तर तुहाच हाय ना?" ती त्याला म्हणाली. "टाक हात."

मग दुपट्ट्याखाली त्याची बोटं आली. किती हलकी झाली होती. त्यानं माझा पंजा धरला. पाच. सोडला. मग चार बोटं धरली आणि ती दाबून धरली, माझी हाडं दुखेपर्यंत. चेहरा मात्र जोडी बघायला आलेल्या माणसाचा.

"नऊ," मी मॅडमना सांगितलं. "अन् एक राखून ठेवला असन. त्याची सवय हाय."

मॅडम त्याच्याजवळ वाकल्या. "मामा, मग तीन का सांगत होता?"

तो बोलला. इतक्या दिवसांत माझ्यासमोर पहिल्यांदा, फुटक्या आवाजात, एकेक शब्द तोडत. "आजच दहा सांगतले. उद्या वाढलं. मंग कुठी जाऊ?"

त्याचं गणित मला बरोबर कळलं. सगळ्यात वरची बोली एकदाच लावता येते. ती आज लावली, की पुढच्या वाईट दिवसासाठी हातात काही उरत नाही. म्हणून तो सोसत होता, पुढच्यासाठी जागा राखत. मी दलाल असून मला हे सहा दिवस दिसलं नाही.

पण पुढचं मलाही माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मामा, या औषधाला वरची बोली नसते. आज लागेल तेवढं देऊ. उद्या जास्त लागलं तर जास्त देऊ, परवा त्याहून जास्त. ते संपत नाही. फक्त तुम्ही खरं सांगायचं, म्हणजे मी बरोबर पायऱ्यांनी चढेन."

मामानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तो नव्या व्यापाऱ्याकडे बघायचा, हा शब्द पाळेल का म्हणून. मग माझ्याकडे वळला. "खरं?"

हा प्रश्न त्यानं मला विचारला होता. बिनइमानाच्या माणसाला. मी म्हणालो, "कपाट मी पाह्यलं मामा. माल भरपूर हाय. अन् नसन तर मी आणीन, कोणाच्या बापाले न इचारता."

"कोणाच्या बापाला विचारूनच," मॅडम म्हणाल्या. "तशी मान्यता आहे."

त्या दिवसापासून रोज आकडा दुपट्ट्याखाली ठरायचा. मॅडम नसतील तेव्हा सिस्टर यायची. ती धानोऱ्याकडची, हसतमुख, तिला मी बोटांची भाषा शिकवली. आठ, मग सात, मग डोस चढला, मग सहा. पाचावर आला त्या दिवशी मामा झोपला. मामी दारात बसून कोंबड्यांना हाकलत होती, आवाज होऊ नये म्हणून, आणि मी तिच्याबरोबर बसून कोंबड्या हाकलल्या. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं. थांबू दिलं.

तीनवर आल्यावर मॅडमनी मला विचारलं, हा खरा तीन की बोलीचा? मी म्हणालो, त्याला खाताना पाहा. मामानं पेज घेतली, वर मासोळीचा रस्सा मागितला, मासोळी कुस्करून दिला तर तिखट कमी आहे म्हणाला. मामी आनंदानं त्याच्यावर ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मामा उशी लावून बसला होता. डोळे स्वच्छ. बोलणं जाड, पण कळत होतं. मला पाहताच म्हणाला, "काऊन आला? गोळी तर सिस्टर आणते."

याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. मी खाटेजवळ बसायचा मोढा ओढला आणि म्हणालो, "त्या जोडीचं बोलायला आलो. मोहर्लीच्या. तुम्ही भर बाजारात काय म्हणाले होते, आठवते?"

"आठवते. इमान नाई म्हणालो होतो."

"ते परत घ्या."

"कायले घेऊ? तुहं बोट सरकलं होतं."

"सरकलं नाई मामा. विकणाऱ्यानं धरलंच नव्हतं. त्याचा अंगठा मोडका होता, त्याची पकड बसत नव्हती."

"मोडका अंगठा डाव्या हाताचा होता. सौदा उजव्यानं होते."

"उजव्या."

"डाव्या. मी त्याले वर्षानुवर्षं वळखतो. तू तवा शेंबूड पुसत होता."

मामीनं आतून सांगितलं की दोघंही हळू बोला, आणि दोघांपैकी कुणीही ऐकलं नाही. मामा बैलांचे दात सांगू लागला, मी शिंगं सांगू लागलो. तो म्हणाला जोडी जुळलेली होती, मी म्हणालो एक अजून चार दाती, वयानं लहान होता. तो उशीवरून इतका पुढं झाला की मामी धावत आली. अर्ध्या तासात त्यानं मला खोटारडा, आंधळा आणि दलालीला कलंक ठरवलं, एक शब्द मागे घेतला नाही, आणि मधेच थांबून गोळीची वेळ झाली का विचारून घेतलं. मी तावातावानं उठलो, चप्पल उलटी घातली, या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं मामीसमोर बोललो आणि फाटकापर्यंत पायीच गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पुन्हा त्याच्या दारात होतो. अंगठ्याबद्दल माझा एक मुद्दा सांगायचा राहून गेला होता.